पंगतीतली पाचवी ताटली

भूमिका जेवत नाही, या काळजीनं नंदिनीची झोप उडाली होती. माझी गोष्ट तिथूनच सुरू होते, कारण मी त्या काळजीच्या पोटी जन्मले.

मी एक ताटली. पितळेची नाही, स्टीलची नाही, चिनी मातीचीही नाही. मला उचलायला जाल तर बोटाला मोबाइलची काच लागेल. मी एका खेळातली ताटली आहे. खेळाचं नाव 'पंगत'. तो एका घरापुरता आहे आणि एकच मुलगी तो खेळते. एवढ्याशा आयुष्याचं काय सांगायचं, असं वाटतं खरं. पण आत्ता नंदिनीचं बोट काचेवर माझ्या अगदी जवळ येऊन थांबलंय. ते टेकायच्या आत सांगून टाकते.

नंदिनी म्हणजे भूमिकाची आई. सक्करदऱ्याला, तलावापासून जवळच, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. नंदिनी शिकलेली इंजिनीअर. भूमिका झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि घरूनच लोकांच्या वेबसाइटी करून देऊ लागली. नवरा अमोल रोज सावनेरला जातो, तिथल्या कोळशाच्या खाणीच्या कार्यालयात. सासूबाई कौसल्याबाई नरखेडकडच्या. गावची संत्र्याची बाग धाकट्या मुलाच्या स्वाधीन करून त्या नातीपाशी येऊन राहिल्या.

भूमिका चार वर्षांची. तिला अर्धी पोळी भरवायची तर घरातली तिन्ही मोठी माणसं कामाला लागायची. घास गालात धरून बसायची ती, गिळायचीच नाही. इमारतीतल्या बाकीच्या आया सांगायच्या की त्यांची मुलं कारलंसुद्धा मागून खातात, आणि नंदिनी ते खरं मानायची. मोबाइलवर गाणी लावली की भूमिकाचं तोंड उघडायचं. गाणी लावली की नंदिनीला स्वतःचाच राग यायचा. शेवटी तिनं ठरवलं, मोबाइल सुटत नाही ना, तर निदान त्यात जेवण तरी असू दे.

"काहून एवढं डोकं लावून राहिली?" अमोल म्हणाला. "मोठी झाली का खाईन आपोआप."

"मोठं व्हायलाच खावं लागते ना," नंदिनी म्हणाली, आणि लॅपटॉप उघडून बसली.

खेळात जी बटणं, चित्रं दिसतात, ती पडद्यावर मांडायला आणि हलवायला तयार साधनं मिळतात. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. नंदिनीनं तसली एक उतरवून घेतली. वेबसाइटी केलेल्या असल्यामुळे हे आपल्याला सहज जमेल, असा तिचा समज होता. पुढचं मला मोठ्या ताटांनी सांगितलं, कारण मी तेव्हा नव्हते.

आधी चार ताटं आली. आजी, बाबा, आई आणि भूमी. प्रत्येक ताटावर गोल चौकटीत त्या माणसाचा फोटो. खाली पोळी, वरण-भात, वांग्याची भाजी. भूमिकानं बोटानं पोळी ओढायची, ताटात सोडायची, की ते ताट आनंदानं उडी मारणार. नंदिनीनं मोजूनमापून एकेक ताट जागेवर ठेवलं. तिच्या मोबाइलवर झकास दिसलं. अमोलच्या मोबाइलवर उघडलं तर कौसल्याबाईंचं ताट अर्धं पडद्याबाहेर.

"माह्यं ताट भिंतीत घुसलं वं," कौसल्याबाई म्हणाल्या. "सासूले असंच बसवतेत काय?"

मग नंदिनी मांडणी शिकली, म्हणजे लेआउट. ताटांना हातानं जागा द्यायची नसते. एक ओळ करायची आणि ताटं ओळीच्या स्वाधीन करायची. ताटं किती, मधे फट किती, कडेला मोकळं किती, एवढंच ओळीला सांगायचं. पडदा अरुंद असो की रुंद, कोण कुठं बसेल ते ओळ बघते. पंगतीत पाहुणा तरी कुठं स्वतः जागा शोधत हिंडतो? घरधनी बसवेल तिथं पाट. नंदिनीनं त्या ओळीचंच नाव 'पंगत' ठेवलं.

मांडणी जमली तर उडी बिघडली. ताटाला वर जायला सांगितलं की ते वर जायचं आणि पुढच्याच क्षणी ओळ त्याला ओढून जागेवर बसवायची. ते पुन्हा वर, ओळ पुन्हा खाली. थंडी भरल्यासारखी चारही ताटं थरथरायची. बाळंतपणात आपल्या मेंदूचा वरणभात झाला, असं नंदिनी स्वतःला म्हणाली. पण लॅपटॉप तिनं मिटला नाही. एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की ती दोन गोष्टींची गल्लत करत होती. जागा वेगळी आणि हालचाल वेगळी. ताटाची जागा ओळीकडेच राहू द्यायची, तिला हात लावायचा नाही. उडवायचं ते ताटाचं चित्र. चित्र वर जातं तेव्हा खाली त्याची जागा तशीच रिकामी असते, त्याची वाट बघत. मग ते परत येऊन तिच्यावर बसतं.

त्या दिवशी चारही ताटं पहिल्यांदा नीट उडाली. भूमिका हसली आणि हसता हसता गालातला घास गिळून बसली.

खेळाला एक नियम होता, तो कौसल्याबाईंचा. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी जेवायला लागायचं नाही, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठायची नाही. "मधातून कोणी उठत नसते," त्या म्हणाल्या. नंदिनीनं तो तसाच लिहिला. त्यामुळे सगळ्यांची ताटं संपेपर्यंत भूमिकाही घासामागून घास खात बसायची. महिन्याभरात तिचे गाल भरले. नंदिनी रात्री झोपू लागली.

आता मी येते.

नंदिनीला पुन्हा दिवस राहिले. तीन महिने झाल्यावर भूमिकाला सांगितलं, आणि ती त्याच दिवसापासून ताई झाली. बाजारात तिला सशाच्या कानांचं टोपरं दिसलं. ते बाळासाठी घ्यायचंच, म्हणून तिथंच बसकण मारली. कौसल्याबाईंनी मान हलवली. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी घरात काही आणायचं नसतं. झबलं नाही, टोपरं नाही, पाळणा तर नाहीच. नंदिनीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण टोपरं घ्यायची छातीही झाली नाही. विश्वास नसला तरी भीती असतेच ना.

भूमिका घरी येऊन रडली. जेवली नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "बाळाची ताटली तरी कर. फोनमधली."

नंदिनी थोडी थबकली. मग तिनं स्वतःशी हिशोब घातला. ही काही विकत आणायची नाही. घराच्या उंबऱ्यातून काही आत येणार नाही. काचेमागं एक चित्र वाढलं, तर ते आणण्यात कुठं जमा होतं? अशा पळवाटेतून मी जन्मले.

मी इतरांहून लहान. मला काठावर पिवळी नक्षी. माझ्यावरच्या गोल चौकटीत फोटो नव्हता. तिथं काय लावू, असं नंदिनीनं विचारलं, तर भूमिका म्हणाली, "राहू दे. आल्यावर काढू."

माझ्या येण्याच्या हालचालीत नंदिनीनं फार जीव ओतला. आधी चारही ताटं हळूच सरकून जागा करायची. मग मी खालून वर यायची, लाडानं किंचित जास्तच वर, आणि डुलत डुलत भूमीच्या ताटाशेजारी बसायची. ती डुलकी नीट साधेपर्यंत तिनं मला कितीदा तरी आणलं. प्रत्येक वेळी काचेवर वाकलेला तिचा चेहरा मी खालून बघायची. आम्हा ताटांना माणसं अशीच दिसतात, हनुवटीकडून. त्या दिवसांत तिची हनुवटीसुद्धा हसायची.

लायब्ररीत येण्याच्या हालचालीखाली जाण्याची हालचाल लिहायलाही जागा असते. ती तिनं रिकामी सोडली. मला कुठं जायचं होतं?

पुढं रोज जेवताना भूमिका मला न चुकता वाढायची. बाळाला तिखट नको म्हणून वांग्याची भाजी ती मला कधी देत नसे. नुसता वरण-भात.

पाचव्या महिन्यात नंदिनी नेहमीच्या तपासणीला गेली आणि परत आली नाही. म्हणजे त्या दिवशी आली नाही. भूमिकाला घेऊन अमोल दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकावर तिला खिचडीचा डबा उघडून दिला, हातात मोबाइल दिला. कौसल्याबाई आत होत्या. भूमिकानं चार ताटं वाढली आणि मोबाइल वडिलांपुढे धरला.

"बाबा, बाळाचं राहिलं. तुम्ही वाढा ना."

अमोलनं हा खेळ कधी खेळला नव्हता. त्याचा अंगठा काचेवर टेकला, वरण-भात ओढत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. सुटेचना. त्याला तेव्हा कळलेलं होतं. डॉक्टरांनी बाळाचे ठोके शोधले होते आणि ते सापडले नव्हते. भात माझ्या काठाशी लोंबकळत होता. मग त्यानं तो सोडला. नियमच तसा, वाढलं की उडायचं. मी उडाले. भूमिकानं टाळ्या वाजवल्या. अमोल उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नंदिनी घरी आली. भूमिकाला सांगितलं, आईला बरं नाही. लोक येऊन बसून गेले. होईल दुसरं, असं म्हणून गेले. भूमिकानं एकदा आईच्या पोटावर कान ठेवून विचारलं, "बाळ काय करून राहिलं?"

"झोपलंय," नंदिनी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

त्या दिवसापासून भूमिका मोबाइलचा आवाज बंद करून खेळू लागली. मला वाढताना तोंडावर बोट ठेवायची. आजीला म्हणायची, हळू बोल, बाळ उठेल. आवाज नसताना उडी मारणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं. नंदिनी पलीकडच्या खोलीतून बघायची आणि पदराचं टोक तोंडात धरायची. ते एक खोटं आता रोज दोन वेळा जेवत होतं. ते जितकं जेवेल तितकं मोठं होणार, हे तिला दिसत होतं. पण पोरीला सांगायचं तर कसं? आणि सांगितल्यावर हिनं पुन्हा घास गालात धरला तर?

आज दुपारी भूमिका झोपल्यावर नंदिनीनं लॅपटॉप घेतला. खेळाच्या कोडमधला माझा मजकूर शोधला आणि पुसला.

मी नाहीशी झाले. जाण्याची हालचाल लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे होते आणि नव्हते, एवढंच. चारही ताटं खाडकन सरकली, फट बुजली, आणि पंगत आधी होती तशी नीटनेटकी दिसू लागली. मांडणीचा धर्मच तो. कुणी गेलं की उरलेल्यांत सारखी जागा वाटून टाकायची. त्यात लायब्ररीचा काही दोष नाही. पण ती सफाई नंदिनीला बघवेना. तिनं घाईघाईनं पुसलेलं परत आणलं.

मग दुसरा मार्ग करून पाहिला. मला लपवायचं, पण जागा तशीच ठेवायची. चारही ताटं एका बाजूला दाटून बसली आणि भूमीच्या ताटाशेजारी एक भगदाड. तेही तिला बघवेना. मी एकदा जात होते, एकदा दिसेनाशी होत होते, पुन्हा येत होते. आणि येताना प्रत्येक वेळी तिनंच शिकवलेली ती लाडाची डुलकी घेत होते. मला थांबता येत नव्हतं.

कौसल्याबाई आळिवाच्या खिरीची वाटी घेऊन आल्या. घरी आल्यापासून त्या सुनेला बाळंतिणीचंच खायला देत होत्या. पहिल्या दिवशी नंदिनी नको म्हणाली, तर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तू बाळंतीणच होय."

आज नंदिनीनं वाटी घेतली नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"आई, तुम्ही आणू नका म्हटलं होतं. मी आणलं. हे बघा."

कौसल्याबाईंनी चष्मा लावला, वाकून माझ्याकडे पाहिलं. "हे? हे मले ठाऊक हाये. तू कामात राहायची तवा भूमीसंग मीच वाढत होती याले."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कायचा राग? पोरगी जेवत होती." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. नंदिनी रडत होती. आपल्यामुळेच झालं, असं काहीतरी पुटपुटत होती. खरं सांगू, मीही तेच म्हणत होते. वेळेआधी आणलेली वस्तू तर मीच ना.

"आईक," कौसल्याबाई म्हणाल्या. "अमोलच्या आधी माह्यं एक गेलं. सहावा लागला होता. म्या काई म्हणजे काई आणलं नोतं. टोपरं नाई, झबलं नाई. चिंधीबी नाई. तरी गेलंच ना ते?"

नंदिनीनं मान वर केली. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अमोललाही माहीत नव्हतं.

"मांगून मले कोणी त्याचं नावबी काढू देल्लं नाई. मी रडाव तं कशाले धरून रडाव? काईच नोतं माह्यापाशी." त्यांनी पदरानं लॅपटॉपची काच पुसली. त्यावर धूळ नव्हती. "तुह्यापाशी हे एवढं तं हाये."

खिरीची वाटी त्यांनी सुनेच्या हातात ठेवली आणि गरम आहे तोवर खा म्हणाल्या.

नंदिनीनं खीर संपवली. मग माझ्या येण्याच्या हालचालीखालची ती रिकामी जागा उघडली आणि इतक्या दिवसांनी तिथं लिहायला बसली. मी आले त्याच वाटेनं जायचं, पण सावकाश. आधी फक्त माझं चित्र खाली उतरेल. तोवर माझी जागा मोडायची नाही. मी पूर्ण गेल्यावर ती जागा क्षणभर तशीच राहील, आणि मगच ओळीला कळवायचं की एक जण कमी झालं. ओळीनंही एकदम सरकायचं नाही. ताटांनी एकमेकांकडे हळूहळू यायचं, अंदाज घेत. एवढंसं करायला तिची सगळी दुपार गेली. प्रत्येक वेळी करून बघायचं म्हणजे मला जावं लागे. जाण्याची मला आता सवय झाली आहे, असं म्हणवत नाही, पण वाट ओळखीची झालीय.

एवढं माझं आयुष्य. मला फोटो मिळाला नाही. माझ्यात खरा भाताचा एक दाणाही कधी पडला नाही, तरी मला रोज न चुकता वाढलं गेलं. अशा घरी जाल तेव्हा एक करा. 'होईल दुसरं' असं बसल्या बसल्या म्हणू नका. ओळ कधी ना कधी जवळ येतेच, तिचा स्वभावच आहे तो. तिला घाई करू नका.

संध्याकाळ झालीय. अमोल आज लवकर आलाय आणि दाराशी बूट न काढताच उभा आहे. कौसल्याबाईंची तव्यावरची पोळी करपतेय, वास मला येत नाही, पण त्या वळूनही बघत नाहीत. भूमिका आईच्या मांडीत, मोबाइल दोघींच्या मधे. चार ताटं वाढून झालीत. भूमिकाचं तोंडावरचं बोट नंदिनीनं आत्ताच हळूच काढलं.

"भूमी, बाळ झोपलंय म्हणाले होते ना मी? ते खरं नव्हतं. बाळ पोटात मोठं होऊ शकलं नाही. आता ते येणार नाही."

"काहून?"

"डॉक्टरांनाही नाही कळलं."

भूमिकानं माझ्याकडे पाहिलं. "आपण त्याले भाजी नाही दिली म्हणून?"

"नाही गं. तू तर रोज किती छान जेवू घातलंस त्याला." नंदिनीनं तिला आणखी जवळ ओढलं. "आता ही ताटली आपण दोघी मिळून ठेवून देऊ. हळूच जाईल ती. चालेल?"

तिचं बोट माझ्यावर आलंय. मी तयार आहे. सगळ्यांना नमस्कार.

पण भूमिकानं आईचं बोट धरून बाजूला केलं. खालचा वरण-भात ओढत ओढत ती माझ्यापर्यंत घेऊन आली आणि म्हणाली, "थांब ना, आई. त्याचं जेवण कुठं झालं अजून? उपाशी नको पाठवू त्याले."